पातेल्यातला पेशंट

आत्याला घाई म्हणून कशी ती ठाऊक नाही. भाजी निवडणं असो की शाळेची व्हॅन चालवणं, सगळं गोगलगायीच्या चालीनं. म्हणून दवाखान्याला ॲम्ब्युलन्ससाठी चालक हवा आहे असं कळलं, तेव्हा तिला वाटलं, पेशंटला गचके न देता न्यायचं, म्हणजे देवानं हे काम आपल्यासाठीच राखून ठेवलं असणार. नवरा गेल्यापासून ती भावाकडे राहत होती. कुणी तिला कधी काही बोललं नाही, तरी पाहुणी ती पाहुणीच. नोकरी लागली तर दवाखान्यामागची खोली मिळणार होती, स्वतःचं कुलूप लावायला.

पण परीक्षा घेणारे म्हातारे उस्ताद भलतेच निघाले. त्यांनी ॲम्ब्युलन्समधल्या स्ट्रेचरवर पाण्याचं पातेलं ठेवलं, काठाच्या दोन बोटं खालपर्यंत भरलेलं, आणि म्हणाले, "हा आपला पेशंट. चला." आत्यानं गाडी मुंगीच्या पावलांनी नेली, तरी स्ट्रेचरची चादर ओलीचिंब. सोमवारी पुन्हा या, नाही जमलं तर दुसरं कुणी बघतो, एवढंच ते बोलले.

घरी भाची फिजिक्सच्या पुस्तकात डोकं घालून बसली होती. सगळं ऐकून ती हसायलाच लागली.

"आत्या, तू हळू चालवलीस, पण एकसारखी नाही. पाण्याला वेगाचं काही नसतं गं. वेग बदलला की ते बिचकतं."

आत्याला पटेना. मग भाची पातेलं मांडीवर घेऊन व्हॅनमध्ये बसली. मोकळ्या रस्त्यावर आत्यानं वेगाचा काटा पन्नासवर धरला, तर पाणी ओट्यावर ठेवल्यासारखं सपाट. हा स्थिर वेग, भाची म्हणाली, दर सेकंदाला अंतर तेवढंच. मग तिनं काटा एकसारखा चढवायला लावला, दर सेकंदाला वेगाची वाढ तेवढीच. पाणी मागच्या काठाकडे कललं आणि तसंच कललेलं राहिलं, हिंदकळलं नाही. हे स्थिर त्वरण. आत्याची तऱ्हा मात्र तिसरीच होती. पाय दाबायचा, भीती वाटली की उचलायचा, परत दाबायचा.

"म्हणजे भित्ये मी आणि गचके खातोय पेशंट," आत्या म्हणाली.

सोमवारी ती मनात एका लयीत देवाचं नाव घेत निघाली. त्याच लयीत पाय अलगद दाबत गेली, काटा पन्नासवर आला तसा हळूच सैल सोडला. ब्रेकलाही तोच नेम.

उस्तादांनी चादरीवरून हात फिरवला. कोरडी ठाक. त्यांनी पातेलं उचलून त्यातलं घोटभर पाणी पिऊन टाकलं.

"पेशंट ठणठणीत आहे," ते म्हणाले. "खोलीची किल्ली ऑफिसातून घेऊन जा, ताई."