रमजानातली संकष्टी

मुलांनो, परवाच्या व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबाने सांगितलं की आजीला ब्रुनेईत तुरुंगात टाकणार होते. तुम्ही दोघं डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिलात आणि तेवढ्यात कॉल तुटला. तेव्हा ही गोष्ट क्रमाने लिहून काढणं मला भाग आहे. शिवाय याच आठवड्यात इथल्या डॉक्टरांनी माझे उपवास बंद केले, साबुदाण्यासकट. साखर वाढली आहे. त्यामुळे तो प्रसंग तसाही रोज आठवतोच आहे. तुरुंगाचा काही संबंध नव्हता. भीती मात्र खरी होती, आणि ती कशाची होती तेही सांगते.

ब्रुनेई हा बोर्निओ बेटाच्या कडेचा देश, आपल्या नाशिक जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. तिथे सुलतानांचं राज्य आहे. राजे तेच, पंतप्रधान तेच, आणखी काही खातीही त्यांच्याकडेच. निवडणुकीची सभा, भोंगे, दारात येणारे उमेदवार हे मी तिथे नऊ वर्षांत पाहिलं नाही. वर्गात फळ्याच्या वर त्यांची तसबीर असे, न्हाव्याच्या दुकानातही असे. शाळा फुकट, दवाखाना जवळजवळ फुकट, पगारावर कर नाही, आणि नळाला चोवीस तास पाणी. नाशिकला पहाटे उठून पिंप भरणाऱ्या मला पहिले सहा महिने नळाचा विश्वास वाटेना. मी बादल्या भरून ठेवत असे आणि तुमचे आजोबा त्या गुपचूप बागेत ओतून येत.

हे सगळं तेलावर आणि वायूवर चाले. आम्ही सेरिया गावात राहत होतो. तिथे रस्त्याच्या कडेला, घरांच्या मागे तेल उपसणारे पंप दिवसभर माना खालीवर करत असत. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन दिसत. देशाचं पोट त्या पंपांवर, पण ताटातलं बरंचसं बाहेरचं. तांदूळ थायलंडचा, कोबी मलेशियाचा, कांदा कधीकधी आपला. एकदा दुकानात कांद्याच्या गोणीवर निफाड छापलेलं दिसलं, तर आजोबांनी ती रिकामी गोणी मागून घरी आणली. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

त्या सुखाला एक अट होती. आम्ही परदेशी माणसं दोन-तीन वर्षांच्या करारावर राहत होतो. करार संपला की सामान बांधायचं. आजोबा विहिरींवरची मोजमापाची यंत्रं सांभाळणाऱ्या एका कंपनीत होते. तेलाचे भाव पडले तशी ती कंपनी गाशा गुंडाळून गेली. मग आमचं तिथलं राहणं माझ्या नोकरीवर आलं. मी सरकारी शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझा करार त्या वर्षी मध्यावर संपत होता आणि तुमच्या बाबाची दहावीच्या तोडीची परीक्षा वर्षाच्या शेवटी होती. मुदत वाढली नाही तर त्याला परीक्षेच्या चार महिने आधी शाळा सोडावी लागणार, नाशिकला येऊन वेगळ्या अभ्यासक्रमात पुन्हा पहिल्यापासून बसावं लागणार. मुदतवाढीच्या अर्जावर मुख्याध्यापिकेचा शेरा लागे. तो अर्ज त्यांच्या टेबलावर होता.

आणि रमजान सुरू होता.

रमजानात शाळा लवकर सुटे. ज्यांना रोजा नाही त्यांनी इतरांसमोर खाऊ नये, मागच्या बाजूच्या छोट्या खोलीत जाऊन खावं, असं पत्रक दरवर्षी निघे आणि आम्ही त्यावर सही करत असू. मी नियम मोडणारी बाई नव्हे, हे तुम्हाला माहीत आहे. मी रोज त्या खोलीत जाऊन डबा खात असे, दार लावून.

निम्मा रमजान उलटला होता. त्या गुरुवारी संकष्टी होती. सकाळी स्टाफरूममध्ये आमच्या उस्ताझा भेटल्या. उस्ताझा म्हणजे मुलांना धर्म शिकवणाऱ्या बाई. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, फार कमी बोलणाऱ्या. मी त्यांना जरा दचकूनच असे. त्यांनी मला सहज विचारलं, मागच्या खोलीत पंखा चालतो का, उकडत नाही ना. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की आज मला त्या खोलीची गरज नाही, आज माझाही उपवास आहे. त्या एवढ्या खूश झाल्या की त्यांनी माझा हात हातात घेतला.

अकरा वाजता मी माझ्या टेबलाशी बसून डबा उघडला आणि साबुदाण्याची खिचडी खाऊ लागले.

तुम्ही कॅनडात वाढलात, म्हणून सांगते. आपल्याकडे संकष्टीला दिवसा खिचडी खाणं म्हणजे जेवण नव्हे. जेवण रात्री चंद्र उगवल्यावर. नाशिकच्या शाळेत आम्ही चार-पाच बाया मधल्या सुट्टीत एकमेकींची खिचडी चाखून बघत असू आणि आपण उपाशी आहोत याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नसे. तीच सवय. ते पत्रक खाणाऱ्यांसाठी होतं आणि मी त्या दिवशी खाणाऱ्यांत नव्हते, असं माझ्या डोक्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

तिसऱ्या घासाला उस्ताझा आत आल्या. माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. काही न बोलता आपली पुस्तकं उचलली आणि निघून गेल्या. त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय. पत्रक मोडलं ते एक; पण सकाळी त्यांच्या तोंडावर उपवास सांगून अकराला खाल्लं, म्हणजे त्यांच्या श्रद्धेची थट्टा केल्यासारखं झालं. आणि त्या मुख्याध्यापिकेच्या मैत्रीण.

घरी येऊन सांगितलं तर आजोबा आधी हसले. म्हणाले, या देशात निवडणूक नाही म्हणून तू खिचडीने सरकार पाडायला निघालीस की काय. मग अर्जाची आठवण होऊन ते कराराचा कागद काढून तारीख बघू लागले. तुमच्या बाबाने एवढंच विचारलं की आपण नक्की कधी निघायचं. ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे सुट्टी. तिथे सरकारी सुट्टी शुक्रवारी आणि रविवारी असे, मध्ये शनिवारी शाळा. शुक्रवारी बारा ते दोन सगळी दुकानं नमाजासाठी बंद, रस्ते रिकामे. मी माफीचं पत्र लिहायला बसले. चार मसुदे केले. इंग्रजी निर्दोष होतं, पण खिचडी उपवासाला का चालते, हे एकाही मसुद्यात पटेल असं लिहिता येईना.

तीनच्या सुमाराला दारात गाडी थांबली. उस्ताझा उतरल्या. हातात स्टीलचा तीनपुडी डबा. मी दार उघडलं.

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

“ताप नाही,” त्या म्हणाल्या. “मग काय होतंय? उपवास मोडावा लागला म्हणजे बरंच दुखत असणार.”

डब्यात तांदळाचं पातळ खिमट होतं, आलं घालून केलेलं. “मीठ बघून घ्या. मला चव घेता आली नाही,” असं त्यांनी सांगितलं. मग बसल्यावर समजावलं, की आजाऱ्याला माफ असतं, त्यात लाज कसली. मी ओशाळले असेन म्हणून त्या काल न बोलता निघून गेल्या होत्या. कुणाला काही सांगितलंही नव्हतं.

मला गप्प राहता आलं असतं. आजारी होते म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण रोजा असताना चुलीपाशी उभं राहून माझ्यासाठी रांधलेलं ते अन्न समोर होतं. मी सगळं खरं सांगितलं. स्वयंपाकघरातून साबुदाण्याची पिशवी आणून दाखवली. दाणे त्यांनी तळहातावर घेतले, आणि हसू लागल्या. साबुदाण्यासारखंच सागो त्यांच्याकडे झाडाच्या खोडातून काढतात, त्याचं अंबुयात नावाचं चिकट पिठलं करतात. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा तिथे आल्या आणि भात मिळेनासा झाला तेव्हा त्यांच्या आईने पोरांना त्यावरच जगवलं होतं.

“आम्ही सागो खाऊन रोजा सोडतो,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही सागो खाऊन उपवास धरता. चेगु, तुमचा देव फार समजूतदार आहे.”

चेगु म्हणजे शिक्षक. माझं तिथलं नाव तेच.

शनिवारी मी स्वतः जाऊन मुख्याध्यापिकांना झाला प्रकार सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाल्या, पुढच्या खेपेला उपवास असला तर तो मागच्या खोलीत बसून करा. मग माझा अर्ज पुढे ओढला आणि शेरा लिहिला. करार दोन वर्षांनी वाढला. बाहेर येऊन मी पायऱ्यांवर बसले. इतकं हलकं मला त्या देशात कधीच वाटलं नव्हतं. तुमच्या बाबाने परीक्षा तिथेच दिली. कितवा आला ते त्यालाच विचारा, तो वाढवून सांगेल.

त्या देशात राजाचा मान फार, आणि आमच्यासारख्यांचं राहणं एका कागदावर. हे दोन्ही खरं आहे. माझा कागद टिकला, दुसऱ्या कुणाचा टिकला नसेल. सेरियाला माझा किराणावाला चिनी होता. तो तिथेच जन्मला, तिथेच म्हातारा झाला, पण त्याला त्या देशाचं नागरिकत्व नव्हतं. परत आल्यावर इथे मतदानाच्या रांगेत दोन तास उभी राहिले तेव्हा तो मला आठवला.

परवा डॉक्टरांनी उपवास बंद म्हटल्यावर मला वाईट वाटेल, असं आजोबांना वाटलं होतं. नाही वाटलं. आजाऱ्याला माफ असतं, हे मला एका शुक्रवारी दुपारी सांगून झालेलं आहे. आता संकष्टीला आजोबा माझ्यासमोर खिचडी खातात आणि मी ज्वारीची भाकरी.

डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत उस्ताझांकडेही आहे. त्यामुळे आमचे डबे भरून येत-जात राहिले. आम्ही निघालो त्या आठवड्यात अदलाबदल अर्धवट राहिली. उस्ताझांचा तीनपुडी डबा माझ्याकडे आहे, माझा पितळी कडीचा डबा त्यांच्याकडे. दोन्ही वापरात आहेत.