दोन पावसाळे

कोणीही नवी कोरी गाडी दाखवायला आणली की इनासभाऊ पेढा तोंडात टाकायचे आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन यायचे. मालकाला वाटायचं, आता चाकांवर पाणी घालणार. इनासभाऊ दरवाजाच्या वरच्या कडेवरून अगदी बारीक धार सोडायचे आणि तांब्या रिकामा झाला की हाताची घडी घालून उभे राहायचे. पाच मिनिटं कोणाशी बोलायचे नाहीत. मग दार उघडून आतल्या कडेवरून बोट फिरवायचे. बोट कोरडं निघालं तर म्हणायचे, "बरी आहे." ओलं निघालं तर काहीच म्हणायचे नाहीत. बोट विजारीला पुसायचे आणि आपल्या कामाला लागायचे.

त्यांचं गॅरेज म्हणजे वसईच्या उमेळे गावातल्या त्यांच्या घराचं अंगण. एके काळी भोवती केळीच्या बागा होत्या म्हणे. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा तिन्ही बाजूंनी इमारती आल्या होत्या आणि अंगणात दुपारी बारा ते दोन एवढंच ऊन पडायचं. बोनेटच्या आतलं नीट दिसावं म्हणून अवघड कामं ते त्या दोन तासांत करायचे. मी एव्हरशाईन सिटीत राहते आणि पश्चिमेच्या एका शाळेत शिकवते. सुरुवातीला माझी स्कूटर त्यांच्याकडे असायची. स्कूटर उघडलेली असेपर्यंत मी ओटीवर फिलूबायजवळ बसायची. फिलूबाय म्हणजे त्यांची बायको. माझ्या आईची आणि तिची भेट कधी झाली नाही, पण दोघी चहात आलं सारखंच जास्त घालायच्या. इनासभाऊंना जाऊन आता वर्ष होत आलं. गाडी घेताना माणसं त्यांना का विचारायची आणि शेवटी शेवटी ते वेगळं उत्तर का द्यायला लागले, ते सांगावंसं वाटतं.

त्यांचं जुनं उत्तर सगळ्या वसईला पाठ होतं. "बाजारात आत्ताच आलेली गाडी घ्यायची नाही. दोन पावसाळे जाऊ दे." कोणी कारण विचारलं तर ते समोरच्याच्या धंद्याप्रमाणे समजावून सांगायचे. शिंप्याला सांगायचे, "हा पहिला कापलेला सदरा आहे. अंगावर घालून बघायला तुम्हाला बोलावलंय." मला म्हणाले, "पहिल्या वर्षी कंपनी शिकत असते, टीचर. आपण तिची पाटी कशाला व्हायचं?"

आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी त्यांचं न ऐकता नुकतीच निघालेली मोठी गाडी घेतली. चार महिन्यांनी ती दुसऱ्या गाडीला बांधून उमेळ्यात आणावी लागली. मी तेव्हा तिथेच होते. मला वाटलं, आता इनासभाऊ एखादा टोमणा मारतील. त्यांनी बोनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि विचारलं, "चहा घेणार ना?" स्वतःचं खरं ठरलं म्हणून ते खूश झालेले मी कधी पाहिले नाहीत.

त्यामागचं कारण मला फिलूबायने सांगितलं. लग्नाआधीची गोष्ट होती. इनासभाऊ तेविशीचे होते, वाडीतली केळी भिवंडीला पाठवायची होती. त्या वर्षी एक नवा टेम्पो बाजारात आला होता. वडील म्हणाले, जुना चालतोय तो चालू दे. इनासभाऊंनी हट्ट धरून नवा आणला. पावसात चिंचोटीच्या उतारावर ब्रेकचा पाइप फुटला. टेम्पो धाकटा भाऊ झेवियर चालवत होता. दोन दिवस तो शुद्धीवर आला नाही आणि तसाच गेला.

"पुढच्या वर्षी तोच टेम्पो आला, तेव्हा पाइप जाड करून आला होता," फिलूबाय म्हणाली. "हे स्वतः बघायला गेले होते. हात लावून बघितला. तेव्हापासून हे असे आहेत. तू त्यांना विचारू नको हं."

मी कधीच विचारलं नाही.

पुढे फिलूबायला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. बोलणं परत आलं, हातही थोडा वळायला लागला, पण पाय आला नाही. चाकाच्या खुर्चीवर ती ओटीवर बसायची. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की फादर तिला कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, द्यायला घरी यायचे. एकदा ते गेल्यावर ती म्हणाली, "येतात ते बरं आहे. पण दर वेळी देवानेच का यायचं? मीपण जावं की त्याच्याकडे कधी."

जाणं कठीण होतं. रिक्षात बसवायचं तर दोन पुरुषांनी उचलावं लागायचं. एकदा तसं नेलं होतं. चर्चच्या दारात, सगळा गाव बाहेर पडत असताना, तिला उचलून उतरवताना तिची साडी पायावरून सरकली. नंतर कोणी न्यायचं नाव काढलं की म्हणायची, "फादर येतात ना." नंदाखालला तिची मोठी बहीण होती, रोझीबाय. तिचेही गुडघे गेलेले. वसईच्या वसईत दोघी बहिणींची गाठ पडत नव्हती. संध्याकाळी फोनवर बोलायच्या, तेवढंच.

अशात मी गाडी घ्यायचं ठरवलं. एक लहान गाडी नुकतीच आली होती. तिचा मागचा दरवाजा बाजूला सरकायचा आणि तळ जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच होता. शोरूमवाल्यांनी चालवून बघायला दिली, ती मी सरळ उमेळ्याला नेली. इनासभाऊ तांब्या आणायला आत गेले. फिलूबाय ओटीवरून दरवाजाकडे बघत होती. मला म्हणाली, "टीचर, मला जरा तिच्याजवळ ने ग."

मी खुर्ची गाडीला लावली. सीट आणि खुर्ची एकाच उंचीची निघाली. तिने डाव्या हाताने आतली मूठ धरली, अंग थोडं झोकलं आणि सरकून आत बसली. कोणी हात लावला नाही. मीसुद्धा नाही. तिने पदर सारखा केला आणि समोर बघत राहिली. इनासभाऊ तांब्या घेऊन बाहेर आले ते दारातच थांबले.

"हीच घ्या," ती त्यांना म्हणाली.

इनासभाऊंनी तांब्या खाली ठेवला. तिला उतरायचं नव्हतं, म्हणून त्यांनी तिला तसंच बसू दिलं आणि पाणी घातलंच नाही. मी परत निघाले तेव्हा मला गाडीच्या मागे घेऊन गेले. "सरकतं दार आहे, टीचर. पहिल्यांदाच केलंय या लोकांनी. पावसात काय होतं ते त्यांनाच ठाऊक नाही. तुम्हीपण थांबा."

आत जाऊन त्यांनी तिलाही तेच सांगितलं असणार. पुढच्या खेपेला ती मला म्हणाली, "दोन पावसाळे म्हणतायत. बघू." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. झेवियरची गोष्ट तिच्याइतकी कोणाला ठाऊक होती?

मी थांबले नाही. मला शाळेत जायला गाडी हवी होती, माझ्या घरात असं काही घडलेलं नव्हतं. मी ती गाडी घेतली आणि इनासभाऊंचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. जुलैत दरवाजाच्या रबरातून पाणी आत आलं. सीटखालच्या वायरी भिजल्या आणि एका दुपारी शाळेच्या फाटकासमोर दार अर्ध्यात अडकलं, ते ना पुढे ना मागे. कंपनीच्या वर्कशॉपने दोनदा दुरुस्त केलं, दोनदा बिघडलं. शेवटी मी गाडी उमेळ्याला आणली. फिलूबाय ओटीवरच होती. अडकलेलं दार तिने पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. माझी गाडी बिघडली याचं मला त्या दिवशी जेवढं वाईट वाटलं तेवढं कधीच वाटलं नाही. वाटलं, निदान हिच्यासमोर तरी बिघडायला नको होती.

इनासभाऊंनी आठ दिवस त्या दरवाजावर काम केलं. कुठून तरी जाड रबर आणलं, वायरी वर उचलून बांधल्या. रोज पाणी घालून बघायचे. मी घ्यायला गेले तेव्हा म्हणाले, "एक चक्कर मारून बघायला लागेल, टीचर. फिलूला घेतो बरोबर. चालेल ना?"

तो बुधवार होता. इनासभाऊंनी गाडी चर्चकडे नेली, आवार रिकामं होतं. ती सरकून खुर्चीत आली, मी खुर्ची ढकलत आत नेली. वेदीपर्यंत नाही, मधल्या बाकांपाशीच तिने थांबायला सांगितलं. "इथे मी बसायची," म्हणाली. अर्धा तास ती तिथे होती. इनासभाऊ आत आले नाहीत. बाहेर दरवाजा उघडत, बंद करत, उघडत होते. मी त्यांना म्हटलं, "दर रविवारी मी येत जाईन ना गाडी घेऊन." त्यांनी मान हलवली. "नको, टीचर. रबर माझं आहे, दार अजून त्यांचंच आहे. ती आत असताना अडकलं तर काय करायचं? नव्या वर्षाच्या गाडीत दार बदलणार आहेत. तीच घेईन. तिच्यासाठीच घेईन."

मी आणखी आग्रह करायला हवा होता. तेव्हा ते बरोबर बोलतायत असं मला वाटलं. बरोबरच बोलत होते. नव्या गाडीत दार खरोखर बदललं. पुढच्या पावसाळ्यात कोणाची तक्रार आली नाही. इनासभाऊंनी चार ओळखीच्यांच्या गाड्या स्वतः तपासल्या आणि दिवाळीनंतर बुकिंग केलं. फिलूबायने रंग निवडला, पांढरा. नाताळात रोझीबायला फोनवर सांगितलं, "गाडी आली की पहिली तुझ्याकडे."

जानेवारीच्या शेवटी तिला दुसरा झटका आला. सकाळी चहा घेता घेता कप हातातून पडला आणि दवाखान्यात पोहोचायच्या आधी ती गेली.

मयताला सगळा गाव होता. जो तो इनासभाऊंचा हात हातात घेऊन म्हणत होता, देवाची इच्छा. ते प्रत्येकाला "हो" म्हणत होते. रोझीबाय येऊ शकली नाही. तिला उचलून आणायला माणसं गेली होती, पण तिने नको म्हटलं.

तीन आठवड्यांनी शोरूममधून फोन आला, गाडी तयार आहे. मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. त्यांनी मला विचारलं, "याल का बरोबर?" शोरूममध्ये गाडीवर लाल कापड घातलेलं होतं. एका मुलीने त्यांच्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली दिली आणि म्हणाली, "सर, फॅमिलीला बोलवा ना, फोटो काढू." इनासभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. मग ती किल्ली हळूच टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "फोटो राहू दे. कागद द्या."

रस्त्याला लागल्यावर ते उमेळ्याकडे वळले नाहीत. मीही विचारलं नाही. निर्मळ गाव मागे पडलं, तेव्हा मला कळलं आम्ही नंदाखालला चाललोय.

मधेच ते म्हणाले, "एकदा घाई केली, भाऊ गेला. एकदा थांबलो, ही गेली. गाडीतलं मला सगळं कळतं, टीचर. हे कुठे बघायचं असतं ते नाही कळलं."

मी मांडीवरचे गाडीचे कागद सारखे केले.

पुढे ते जगले तेवढ्या काळात कोणी पहिल्या वर्षाच्या गाडीबद्दल विचारलं, तर दोन पावसाळ्यांचं बोलायचे नाहीत. आधी विचारायचे, "कोण बसणार आहे तिच्यात?" घरी म्हातारं माणूस आहे, आजारी माणूस आहे असं कळलं की म्हणायचे, "मग घ्या. बिघडली तर मी आहे." तरण्या पोरांना मात्र अजूनही थांबवायचे.

त्या दिवशी नंदाखालला रोझीबाय दारातच बसलेली होती. इनासभाऊंनी दरवाजा सरकवला. तिने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि कठडा धरत धरत येऊन स्वतःच आत बसली. आम्ही परत उमेळ्याला आलो, दफनभूमीच्या फाटकाशी थांबलो. फिलूबायची माती अजून ताजी होती, वरची फुलं सुकून काळी पडली होती. रोझीबाय काठीवर भार देऊन बराच वेळ उभी राहिली. ओठ हलत होते. मग इनासभाऊंकडे न बघता म्हणाली, "उशीर केलास, इनास."

"हो," ते म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी पाहिलं. तीन आठवड्यांत हे त्यांना कोणीच म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी देवावर घातलं होतं, आणि ते सगळ्यांना मान डोलावत राहिले होते. रोझीबायने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांचा दंड धरला. मी फाटकापाशी जाऊन थांबले.

तिला परत सोडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. ती खाली उतरली, दारापर्यंत गेली. इनासभाऊंनी काच खाली केली.

"पुढच्या रविवारी येऊ का?"

"ये," ती म्हणाली. "लवकर ये."