बाबांच्या ट्रकचा गिअर

सीताबर्डीवर टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. काहीही विचारलं, की ते आधी चष्मा पुसत आणि मग उत्तर देत.

अर्धांगवायूने बाबांची वाचा गेली होती. पाणी हवं असलं, की भावाने मस्कतहून पाठवलेल्या रिमोटच्या ट्रकवर रिकामा पेला ठेवून ते तो आईकडे पाठवत. एके दिवशी ट्रकच्या प्लास्टिकच्या गिअरचे दात झडले.

तीन आठवडे ते गृहस्थ जुन्या टेपांमधले गिअर लावून पाहत होते. "दात जमते, तं भोक जमत नाही," एवढंच म्हणत. अखेर एक पितळी गिअर बसला. ट्रक पूर्वीपेक्षा जोरात पळाला, मी खूश झालो.

"चालवणार कोण हाये?" त्यांनी विचारलं, आणि माझ्याबरोबर नंदनवनला घरी आले. बाबांनी ट्रक दोनदा भिंतीवर आपटला. गृहस्थांनी खाली बसून तो गिअर काढला आणि खिशातला कमी दातांचा लावला.

"आता तर फारच हळू चालून राहिला," मी म्हणालो.

"तुमच्या बाबाच्या हाताइतका चालून राहिला."

मग ते ट्रकच्या वाटेतच उभे राहिले. ट्रक सावकाश आला आणि त्यांच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर थांबला. त्यांनी पाय हलवला नव्हता.