चारशे बारा मुली आणि एक ओळ

नीरजा सबनीस बडोद्यात समा भागात राहायची आणि एका औषध कंपनीची माहितीपत्रकं संगणकावर लावून द्यायची. एवढ्या पात्रतेवर ज्ञातिमंडळाने २००९ साली तिला 'तांत्रिक सल्लागार' नेमलं. सल्ला अर्थात कोणालाच नको होता.

मंडळ जुन्या संस्थानी अंमलदारांच्या वंशजांचं. संस्थान जाऊन साठ वर्षं झाली, तरी अंमल शिल्लक होता. तो दर रविवारी निजामपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये चहा-फाफड्याबरोबर चालायचा. अध्यक्ष भास्करराव पोतनीस. मंडळाच्या पंचाहत्तरीला कुलवृत्तांत छापायचं ठरलं. सगळी माहिती नीरजाने दोन वर्षं खपून वेबसाइटवर चढवलेली होतीच, तेव्हा प्रिंटचं बटण दाबलं की पुस्तक, असं भास्कररावांचं मत. त्यांनी दाबूनही पाहिलं. पणजोबांची पगडी एका पानावर आली आणि पणजोबा दुसऱ्या.

नीरजाने समजावलं, की मजकूर तोच राहील. तो कागदावर कसा बसावा याचे नियम, म्हणजे स्टाइलशीट, वेगळे लिहायचे. समास किती, पृष्ठांक कुठे, फोटो मधोमध चिरायचा नाही. मग एक प्रोग्रॅम त्यावरून छापखान्याला चालेल अशी पीडीएफ काढतो. समितीने माना डोलावल्या आणि टायपिंग कोण करणार, असं विचारलं.

प्रोग्रॅमही समितीच्याच वळणाचा निघाला. पहिल्या पीडीएफमध्ये प्रत्येक ह्रस्व वेलांटी आपलं अक्षर सोडून शेजारी जाऊन बसली. त्यांना घरी आणण्यात तीन आठवडे गेले. तोवर सभासदांचे फोन सुरू झाले. कोणाच्या आजोबांना कारकुनाचे शिरस्तेदार व्हायचं होतं. नीरजा वेबसाइटवर दुरुस्ती करून चार मिनिटांत नवी पीडीएफ काढायची. संस्थानातही इतक्या झटपट बढत्या झाल्या नसतील.

पानं भरली दोनशे अठ्ठ्याऐंशी. समितीची मर्यादा दोनशे चाळीस. भास्कररावांनी तोडगा काढला. लग्न झालेल्या मुलींची माहिती वेबसाइटवर राहू द्यावी, पुस्तकात नको.

"एका ओळीचं तर काम आहे ना तुझं?" ते म्हणाले.

खरंच एका ओळीचं होतं. नीरजाने स्टाइलशीटमध्ये ती ओळ लिहिली आणि चारशे बारा जणी नाहीशा झाल्या. त्यात तिची आई होती, आणि ओळ लिहिणारी नीरजाही.

मग तिने ती ओळ पुसली, मजकुराचे दोन रकाने केले, समास आवळले आणि पानभर ऐसपैस बसलेल्या पणजोबांना पाव पानात बसवलं. पानं झाली दोनशे अडतीस.

भास्कररावांनी छापील नमुना दोनदा मोजला. पणजोबा फार लहान दिसतात, अशी तक्रार केली.

"काका, जागेचा प्रश्न होता, तो सुटला," नीरजा म्हणाली. "दुसरा काही असेल तर लिहून द्या. प्रस्तावनेत घालते."

ते पानं उलटत पोतनिसांच्या शाखेवर आले आणि तिथेच थांबले. खिशातून पेन काढून त्यांनी एका आकड्यावर काट मारली.

"लीला बाहत्तर साली एम.एस्सी. झाली. तू एकाहत्तर घातलंयस."

लीला त्यांची धाकटी बहीण, लग्नानंतर इंदूरला गेलेली. नीरजाने साल बदललं.

प्रकाशन समारंभात भास्कररावांनी सांगितलं, की मुलींना स्थान द्यायचं हे समितीचं पहिल्या दिवसापासूनचं धोरण. तिसऱ्या रांगेत बसून नीरजाने टाळ्या वाजवल्या. दोन महिन्यांत सगळ्या प्रती संपल्या. बहुतेक मागण्या इंदूर, नागपूर, पुण्याहून आल्या होत्या, सासरच्या आडनावांनी.