सहाव्या बेटापर्यंत

यूनुस मुकादम अल क्वोजमधल्या टाइल्सच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. वय सत्तेचाळीस. दुबईत सतरा वर्षं काढून माणसाला जे काही येतं ते सगळं त्याला येतं. पाच भाषांतल्या शिव्या समजतात, चौघांच्या खोलीत पलंगाभोवती पडदा लावून घर मांडता येतं, आणि रत्नागिरीला फोन लावून दोन मिनिटांत बोलणं उरकता येतं. ही शेवटची कला त्याला अजिबात नको होती, पण ती आपोआपच अंगवळणी पडली. मुलगी अलिशा फोनवर आली की तो विचारायचा, "जेवलीस?" ती म्हणायची, "हो." "अभ्यास?" "चालू आहे." मग दोघंही गप्प. शेवटी तो म्हणायचा, "बरं, अम्मीला दे." बायकोशी बोलायला निदान भांडणाचे विषय तरी असतात. वर्षातून महिनाभर दिसणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीशी काय बोलायचं, हे कोणत्याही एजंटनं कधी सांगितलेलं नाही.

ही कोंडी फुटली ती एका गेममुळे. 'नाइन लॅम्प्स' त्याचं नाव. अलिशानंच तो त्याला फोनवर घ्यायला लावला. दुबईतून व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागत नाही, दुसऱ्या अ‍ॅपवर आवाज तुटतो, पण गेमच्या माइकवर ती शेजारी बसल्यासारखी ऐकू यायची. समुद्रात नऊ बेटं, प्रत्येक बेटावर विझलेलं दीपगृह, ती एकेक करून पेटवत पुढे जायचं. होडीत दोघं. एकानं वल्हवायचं, दुसऱ्यानं कंदील धरायचा. धुकं इतकं दाट, की कंदील नसला तर होडी जागची हलायची नाही.

यूनुसचा बाप जयगडला मच्छीमार होडीवर तांडेल होता. त्यामुळे पहिले दोन महिने त्यानं गेमवाल्यांचा उद्धार करण्यात घालवले. "ही होडी कोणत्या शहाण्यानं बनवली? असं वल्हं मारलं तर पहिल्या लाटेत पालथी होईल." अलिशा खदखदून हसायची. पुढे मात्र दर रविवारी दुपारी तीन वाजता तो पडदा ओढून, कानात हेडफोन खुपसून बसायला लागला. वल्हं त्याच्याकडे, कंदील तिच्याकडे. वाट शोधणंही त्याच्याचकडे, कारण समुद्रातलं कळतं कुणाला? "डावीकडे खडक असणार बघ, पाणी काळं दिसतंय." "हो का अब्बा?" असं म्हणत ती कंदील उचलायची.

होडी हळू चालायची आणि तोंडाला काही काम नसायचं, म्हणून बोलणं व्हायचं. गणितात नापास झाल्याचं तिनं अम्मीच्या आधी त्याला सांगितलं. मैत्रीण बोलेनाशी झाली तेव्हा तिसऱ्या बेटापाशी ती रडली. अम्मीला बीपीच्या गोळ्या सुरू झाल्यात, हेही त्याला त्या होडीतच कळलं. "जेवलीस का" हा प्रश्न तीन वर्षांत त्यानं एकदाही विचारला नाही. तीन वर्षांत बेटं झाली सहा. एवढ्या वेळात पोरं असे दहा गेम संपवून टाकतात, पण यूनुसला कसली घाई? माझ्या मते तो मुद्दामच वळसे घेत असावा.

मग अलिशा अकरावी सायन्सला गेली. क्लास, टेस्ट, प्रॅक्टिकल. एक रविवार चुकला, मग दुसरा. बघता बघता आठ महिने झाले. होडी सहाव्या बेटाला लागली ती लागलीच. यूनुस अजूनही तीन वाजता गेम उघडायचा. जोडीदार आल्याशिवाय होडी हलत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी तासभर वल्हं हातात घेऊन बसायचा. खोलीतले म्हणायचे, "मुकादमचाचा, यल्ला, चला, खेळा तरी!" तो म्हणायचा, "नेट स्लो आहे." तो फार एकटा पडला होता आणि हे सांगायला त्याच्याजवळ कुणी नव्हतं. जिला सांगितलं असतं तीच येत नव्हती.

आणि अशात त्या गेमवर पिक्चर आला. गोदामाच्या ऑफिसात अकाउंट्स बघणाऱ्या विनिता मॅडमची मुलगी ईशानी शनिवारी आईबरोबर आली होती. तिनं तो आदल्याच दिवशी पाहिला होता. यूनुसनं अदबीनं चौकशी केली, तर ती म्हणाली, "अंकल, इट्स लिटरली द गेम. सुपर फेथफुल!" विनिता मॅडम हसून म्हणाल्या, "यूनुसभाई, तुम्हीपण गेम खेळता? कमाल आहे." त्यांना काय सांगणार?

त्यानं जेवणाच्या सुट्टीत अलिशाला मेसेज टाकला. तिचं लगेच उत्तर आलं. तीही रविवारी मैत्रिणींबरोबर जाणार होती. "बघून झालं की कॉल करू अब्बा!" तो उद्गारचिन्हाकडे बराच वेळ बघत राहिला. त्याचा हिशेब साधा होता. पिक्चर बघून तिला होडीची आठवण येणार, मग ती पुन्हा यायला लागणार. याहून जास्त त्याला काही नको होतं.

रविवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो मॉलमध्ये गेला. थिएटरात सगळ्या पोरांच्या टोळ्या, एकटा असा हाच. पडद्यावर धुकं पसरलं, वल्ह्याची तीच करकर ऐकू आली आणि यूनुसच्या अंगावर काटा आला. खाली अरबी अक्षरं धावत होती, ती वाचायची त्याला गरज नव्हती. बेटं तीच, दीपगृहं तीच. फक्त होडीत एकच माणूस होता. येईल दुसरा, यूनुसनं मनाशी म्हटलं. पहिलं बेट झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर त्या हिरोनं कंदील सरळ डोलकाठीला बांधून टाकला आणि एकटाच वल्हवत निघाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. यूनुस सहाव्या बेटापर्यंत दुसऱ्याची वाट बघत राहिला. पुढची तीन बेटं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, पण नीट बघितली नाहीत.

फूडकोर्टच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसून त्यानं फोन लावला.

"अब्बा! कसा वाटला? मला तर जाम आवडला. एकदम फेथफुल बनवलाय ना?"

"हो गं. होडी, आवाज, सगळं तेच. पण तो एकटाच कसा? दुसरा आलाच नाही."

"अब्बा, मेन स्टोरी सोलोच आहे. टू-प्लेअर वेगळा मोड आहे. तो कोण खेळतं?" ती हसली. "आणि सातव्या बेटाचं ते वळण बघितलंत? डिट्टो! आठव्यावरची शिडीपण तिथंच तुटलेली."

यूनुसनं विचारलं, "तुला गं कसं माहीत? आपण तर सहाव्यापर्यंतच गेलोय."

पलीकडून मैत्रिणींचा गलका ऐकू येत होता. ती बाजूला सरकली असावी, कारण गलका कमी झाला.

"मी सोलोमध्ये संपवला होता अब्बा."

"कधी?"

"सातवीत. तुम्ही घ्यायच्या आधीच."

"मग मी वाट सांगायचो ती?"

"तुम्ही बरोबर सांगायचात. बहुतेक वेळा."

"आणि चुकायचो तेव्हा?"

"तेव्हा मी कंदील थोडा दुसरीकडे धरायचे."

यूनुसला एकदम भरून आलं आणि त्याच क्षणी शरमही वाटली. तीन वर्षं आपण पोरीला समुद्र दाखवतोय अशा ऐटीत तो बसला होता, आणि बारा वर्षांची पोर त्याला खडकांवरून अलगद काढत होती. तिला वाट शोधायचीच नव्हती. बापाशी बोलायचं होतं, आणि बापाला दुसरं काही जमत नव्हतं.

"अब्बा? रागावलात?"

"छे! वेडी की काय."

"सॉरी, मी आलेच नाही इतके दिवस. नेक्स्ट संडेला येऊ? सातवं बेट करू. क्लास आहे, पण मी मॅनेज करेन."

आठ महिने ज्यासाठी थांबला होता ते हेच. 'ये' एवढंच म्हणायचं होतं. पण सोळा वर्षांच्या मुलीनं क्लास बुडवून, पाठ झालेल्या वाटेवर, पुन्हा न कळल्याचं सोंग करत त्याला न्यायचं, आणि त्यानं ते ठाऊक असून वल्हवत बसायचं? न कळता तिची मदत घेतली होती ते वेगळं होतं.

"नको गं," यूनुस म्हणाला. "पिक्चरमध्ये सगळं दिसलंच की आता. वाट कळल्यावर काय मजा? खलास. तू क्लास कर."

"पक्कं ना अब्बा?"

"पक्कं. मलाही कंटाळाच आला होता त्याचा."

"ओके अब्बा," ती म्हणाली, आणि इतक्या पटकन म्हणाली, की आपण योग्य तेच केलं हे यूनुसला कळलं आणि त्याचं त्याला फार वाईट वाटलं.