गल्लीभर पाठ असलेला कोड

मापकाकूंच्या नाकाच्या शेंड्यावर राग नुसता येत-जात नाही, त्यानं तिथे बिऱ्हाड थाटलंय. मी समोरच राहतो, त्यामुळे त्याची खबरबात मला रोज असते. शिवणकामात मात्र काकूंचा हात धरणारं कोणी नाही. नुसतं बघून कंबर सांगतात, आणि तीही दारातून, मोठ्यानं. गल्लीत माझी जी काही शोभा झालीय, ती त्यांच्याच कृपेनं.

फार पूर्वी त्यांचं शिलाई मशीन चोरीला गेलं, तेव्हा नवऱ्याच्या मागे लागून त्यांनी घराला अलार्म बसवून घेतला. पुढे नवरा गेला, अलार्म राहिला. मीटरशेजारी डबा, दाराजवळ आकड्यांचं पॅड, बाहेरच्या भिंतीवर भोंगा. दार उघडलं की झटपट कोड दाबायचा, नाहीतर भोंगा बोंबलणार. पण काकू बाजारात गेल्या तरी गिऱ्हाइकांना कपडे हवेतच. मग काय, किल्ली कुंडीखाली आणि कोड सगळ्यांना. पेपरवाल्यापासून दातांच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत अख्ख्या गल्लीला तो पाठ.

अलीकडे त्या भोंग्याला वेड लागलं. वीज गेली की केकाटायचा. परगावच्या मुलानं फोनवर फर्मान काढलं, "आई, जुनं सगळं उपटून टाकू. नवीन पाठवतोय." त्यानं धाडलेल्या माणसानं शिवणाच्या खोलीत, छताशी, एक गोल कॅमेरा बसवला आणि म्हणाला, "थोडे दिवस वापरून बघा. पसंत पडला की जुनं काढायला येतो."

दुसऱ्याच दुपारी मी पॅंट घेऊन गेलो. सैल करायला, हे सांगायला नकोच. पडद्यामागे डॉक्टरीणबाई नवा ड्रेस घालून बघत होत्या. एवढ्यात छतातून आवाज आला, "आई, दारात कोण आहे? अच्छा, काका का. पोट सुटलंय तुमचं. आणि पडद्यामागे कोण?"

डॉक्टरीणबाई एका बाहीत हात घालून बाहेर आल्या. "काकू, वर कोण बोलतंय?"

"कोणी नाही. माझा मुलगा."

"मग मी इथे कपडे बदलायचे?" त्या आपल्या कपड्यांत परतल्या आणि ड्रेस तिथेच टाकून चालत्या झाल्या. काकूंचं पोट त्या पडद्यामागच्या कोपऱ्यावर चालतं. संध्याकाळपर्यंत ही बातमी घरोघर जाणार होती. आता माझ्याकडे बघू नका, डॉक्टरीणबाईंनाही तोंड आहे.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बंद कर ते."

"आई, तुझ्याच काळजीपोटी..."

"काळजी दाराबाहेर कर. आत मी आहे."

"जुन्याचा उपयोग काय पण? कोड सगळ्या गल्लीला माहीत. ठेवलायस तरी काय?"

"तुझी जन्मतारीख."

काकूंनी स्टूल कॅमेऱ्याखाली ओढलं.

"दरवर्षी त्या तारखेला पेपरवालासुद्धा विचारतो, मुलगा येणार का म्हणून. काय सांगू त्याला?" एवढं बोलून काकू स्टुलावर चढल्या आणि हाताला आली ती माझी पॅंट त्यांनी कॅमेऱ्यावर टांगली.

ती तिथे लटकतच राहिली. शेवटी तो बसवणारा परत आला. "काढू ना जुनं?"

"जुन्याला हात लावायचा नाही. बॅटरी फुगलीय, ती बदल. भोंगा बदल. आणि हा कॅमेरा उचलून बाहेर दारावर लाव, रस्त्याकडे तोंड करून."

"पण साहेबांनी सगळं नवं सांगितलंय."

"साहेबांना मी जन्म दिलाय."

"मग त्यांना फोनवर दिसणार काय?"

"रस्ता दिसू दे. कुठून यायचं, ते तरी लक्षात राहील."

त्याच दिवशी काकूंनी कोड बदलला आणि दारोदार फिरून सगळ्यांना सांगितला. डॉक्टरीणबाईंना तर आत नेऊन, रिकामं छत दाखवून सांगितला. परवा मी काकूंकडे बसलो होतो, तेवढ्यात चिरंजीवांचा मला फोन. "काका, नवा कोड काय हो? आई सांगत नाही. तुम्हाला नक्की माहीत असणार."

मी काकूंकडे पाहिलं. त्या माझ्याच पॅंटची शिवण उसवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दारात उभा राहून विचार म्हणावं. आणि तू सांगितलास, तर ही आणखी आत घेईन."

उभ्या आयुष्यात माझ्या पोटात काही राहिलं नाही. हे राहिलंय.