गाडी येईपर्यंत

पिशव्यांना वास असतो. बाजार करून घरी निघालेल्या माणसाच्या कापडी पिशवीपाशी कधी निवांत बसून पाहा. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुकट, तिच्यावर ओलसर कोथिंबिरीची जुडी, कडेला खोचलेल्या औषधाच्या बाटलीचा उग्र दर्प, आणि या साऱ्यांना पुरून उरणारा, लेकीसाठी आठवणीनं घेतलेल्या सुरंगीच्या वळेसराचा, म्हणजे गजऱ्याचा, तो मधाळ परिमळ! या वासांचं एकमेकांशी काही नातं नाही, पण पिशवीत ते गुण्यागोविंदानं नांदतात. माझं सारं लहानपण त्या वासात गेलं. आणि आता, उतारवयाच्या उंबरठ्यावर, तो मला पुन्हा भेटला तो अशा ठिकाणी, जिथे फिनेलखेरीज दुसरा कसला वास असेल असं मला वाटलंच नव्हतं.

आमचं घर रत्नागिरीहून लांज्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका फाट्याला. थांब्याला शेड नव्हती, म्हणून आमची ओटी हीच शेड. पुढे कधीतरी खरी शेड बांधली गेली, तर तिचा ताबा बकऱ्यांनी घेतला आणि माणसं आमच्याच ओटीवर येत राहिली. आई प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी, "गाडी कधीची?" उत्तर तिला ठाऊक असे, वेळापत्रक तिला तोंडपाठ होतं. पण तेवढ्या निमित्तानं माणूस टेकायचा, पाणी मागायचा आणि बोलू लागायचा. कुणाची म्हैस आटली, कुणाचा मुलगा आखातात सुखरूप पोचला, कुणाची सून माहेरी जरा जास्तच रमली, हे सगळं तिला गाडी येईपर्यंतच्या वेळात कळे. बाबा गेले, मी नोकरीपायी पुण्याची झाले, तरी ती एकटी अशी कधी राहिलीच नाही.

गेल्या वर्षी मागल्या दारी शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. रत्नागिरीत शस्त्रक्रिया झाली, उत्तम झाली. पण उठवायला-बसवायला, चालवायला जाणतं माणूस हवं, घरी एकटीनं राहणं आता विसरा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पुण्याला यायला ती तयार नव्हती. "सातव्या मजल्यावर काय गो, कावळा पण विचार करून येतो," हे आमच्या घराविषयीचं तिचं जुनं मत. तेव्हा रत्नागिरीतच एखादं शुश्रूषागृह पाहायचं ठरलं. खरं सांगते, लेकीसाठी स्थळं पाहताना आईबापांना जसा घोर लागतो ना, तसा मला लागला होता. बोलण्यावर जगलेली ही बाई! चुकीच्या जागी पडली तर गप्प होईल, आणि ती गप्प झाली की संपलंच, एवढं मला कळत होतं. हाडाचं काय, हाड जुळतं.

मी पसंत केलेली जागा पाहिली असती तर तुम्हीही भुलला असता. शहराबाहेर, उंच सड्यावर, कातळाच्या माळावर, हापूसच्या बागेत विसावलेली कौलारू वास्तू. पश्चिमेला अथांग निळा सागर. सायंकाळी सुवर्णरसात न्हालेलं क्षितिज. आणि शांतता तर अशी, की आंब्याचं पान गळलेलं ऐकू यावं. थकल्या जिवाला याहून अधिक काय हवं? व्हीलचेअरमधल्या आईनं मात्र समुद्राकडे एकदाच पाहिलं, ओळखीच्या माणसाला मान हलवून पुढे जावं तसं, आणि विचारलं, "इथनं येष्टीचा थांबा किती लांब?" मला वाटलं, हिला इथून निघून जायचंय, हिला घरी जायचंय. थांबा बराच खाली, घाटी उतरून गेल्यावर आहे, असं तिथल्या माणसानं सांगितलं. त्यावर तिनं समुद्राकडे पाठ करून व्हीलचेअर फाटकाकडे वळवायला लावली.

दुसरी जागा मी मनातून कधीच बाद केली होती. वाटेवर होती म्हणून थांबलो, इतकंच. रुकय्या सिस्टरनी इस्पितळातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर आपल्या घराच्या तळमजल्यावर सुरू केलेली ती जागा. आत सगळं लख्ख, खाटा नीट, दोन मावश्या हसतमुख, पण बाहेर? स्टँडवरून सुटलेली प्रत्येक गाडी त्याच रस्त्यानं चढ चढते आणि अगदी समोरच्या थांब्याला कुरकुरत उभी राहते. धूळ, भोंगे, मासळीवालीची आरोळी! पुढच्या पडवीत एक लांबलचक बाकडं. मी सिस्टरना नम्रपणे नकार कसा द्यावा याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात समोर आमच्याच बाजूची गाडी थांबली आणि खिडकीतून एक ओळखीचं डोकं बाहेर आलं. "काकू! हितं काय करताव?" आमच्या वाडीतली सुलभा. आईचा चेहरा, तुम्हाला सांगते, शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा मला पूर्ण दिसला.

"हीच जागा," ती म्हणाली. मी शांततेचं, हवेचं, समुद्राचं गुणगान सुरू केलं, तर तिनं मला मध्येच थांबवलं. "तिकडं माझ्याकडे यायला माणसाला मुद्दाम निघायला लागेल गो. मुद्दाम माणूस किती वेळा निघतो? एकदा येतील, दोनदा येतील, मग नाय. त्यांचा तरी काय दोष? हितं काय, बाजाराला आली, गाडीला वेळ हाय, चला काकूंकडे टेकू. हे संपत नाय कधी." म्हणजे तिला कुठे जायचंच नव्हतं! थांबा तिला येणाऱ्यांसाठी हवा होता.

अडचण एकच उरली. दारावर पाटी होती, भेटीची वेळ चार ते सहा. सिस्टर शिस्तीच्या. "आज एकाला सोडलं तर उद्या इथं बाजार भरेल," त्या म्हणाल्या. आईनं शांतपणे उत्तर दिलं, "भेटायला येणाऱ्यांना तुमचा नियम खुशाल लावा. ही माणसं मला भेटायला येणारच नायत. ती गाडीसाठी थांबणार." सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं, बाकड्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. "आजी, तुम्ही कोर्टात हव्या होतात." मग अटी ठरल्या. दुपारच्या झोपेच्या वेळी कुणी नको, आत कुणी यायचं नाही, आवाज करायचा नाही. माझ्या माहितीप्रमाणे शेवटची सोडून बाकीच्या अटी आई इमानानं पाळते.

आपण माया मोजतो ती नेहमी मुद्दाम केलेल्या गोष्टींनी, नाही का? रजा काढून, तिकीट काढून, सफरचंदं घेऊन आपण भेटायला जातो, आणि समोरचं माणूस केस विंचरून, बरं असल्याचा चेहरा करून बसतं. थोड्या वेळानं दोघांनाही दमायला होतं. पण कुणी कामाच्या ओघात डोकावलं, पाणी मागितलं, "काकू, पिशवी ठेवते, एवढं औषध घेऊन येते," म्हणून नाक्यापर्यंत गेलं, तर? ते आजारी माणसाला पाहायला आलेलं नसतं, त्याचंच आपल्याकडे काम असतं. ज्याच्या भरवशावर लोक आपला बाजार ठेवून जातात, त्याला आपण निकामी झालो असं कसं वाटावं? आई आता वॉकर घेऊन पडवीच्या टोकापर्यंत चालते. व्यायाम म्हणून नव्हे हो, गाडीची पाटी वाचायला!

सुरुवातीला मी भेटायला गेले, तेव्हा बाकड्यावर जागाच नव्हती. "आलीस? जरा पायरीवर टेक, ह्यांची गाडी येऊ दे," आई म्हणाली आणि वळून सुलभाशी बोलू लागली. रात्रभराचा प्रवास करून आलेली एकुलती एक लेक मी, आणि पायरीवर! राग आला, खोटं कशाला सांगू? पण त्या पायरीवर बसल्या बसल्या शेजारच्या पिशव्यांचा वास आला, आणि फाट्यावरची आमची ओटी उठून इथे येऊन बसल्यासारखं वाटलं. माझा तो घोर तिथेच मिटला.

मागच्या खेपेला मी आधी कळवलं नाही, फळं नेली नाहीत. सकाळी सरळ पडवीत जाऊन उभी राहिले. "काय गो, मधेच कशी?" आईनं विचारलं. "रत्नागिरीत काम होतं," मी म्हटलं, "म्हटलं, जाता जाता डोकवावं." रत्नागिरीत तिच्यावाचून माझं काहीएक काम नाही, हे त्या माउलीला ठाऊक नसेल? पण तिचा चेहरा असा काही उजळला! कसलं काम ते तिनं विचारलं नाही. शेजारची कुणाचीतरी पिशवी उचलून तिनं मला जागा करून दिली, मी बसल्यावर ती पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "गाडी कधीची तुझी?"

पिशवीतून सुकटीचा आणि सुरंगीचा वास येत होता. "आहे अजून वेळ," मी म्हटलं.